मामाची भट्टी आणि माझं गणित

मी काय काम करते हे लोकांना समजावून सांगणं ही एक डोकेदुखीच आहे. "स्प्रिंग किती टिकेल त्याचा अंदाज काढते," असं म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग खिशातलं पेन काढून टकटक वाजवतो आणि विचारतो, "ह्याची किती वर्षं?" मी सांगते, "तिची काळजी करू नका, त्याआधी पेनच हरवेल." त्यांना वाटतं मी थट्टा करते आहे. खरं तर एवढं खात्रीचं उत्तर माझ्या धंद्यात क्वचितच देता येतं.

माणूस दमला की बसतो, कुरकुर करतो, निदान तोंड तरी वाकडं करतो. तार काही बोलत नाही. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. ती आपली निमूट जागेवर येते. आत कुठेतरी नजरेला न दिसणारी चीर पडलेली असते, ती हळूहळू वाढत जाते आणि एक दिवस, नेहमीपेक्षा जराही जास्त भार नसताना, तार तुटते. तार किती जाड, वेढे किती, दाब किती, पोलाद कुठलं, अंग किती गुळगुळीत, एवढं सगळं घेऊन मी गणित मांडते आणि सांगते की ही स्प्रिंग साधारण इतक्या वेळा दाबली गेली तरी टिकेल. 'साधारण' हा शब्द मी ठासून म्हणते आणि लोक नेमका तोच विसरतात.

हे सगळं मला शिकायला मिळालं ते मामामुळे. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. मामा-मामीने मला घरी आणलं ते असं, की मी पोरकी आहे ही बातमी मला बाहेरच्यांकडून कळली. शाळेत एका मुलीने सांगितलं तेव्हा मी तिच्याशी भांडून आले होते. पुढे कॉलेजात जाताना मी यंत्रांचा विषय निवडला तो काही थोर विचार करून नव्हे. मामा स्प्रिंगांच्या कारखान्यात भट्टीवर होता, सुट्टीत त्याचा डबा मी घेऊन जायचे आणि भट्टीतून बाहेर येणारे रंग बघत तिथेच रेंगाळायचे, एवढंच. शिक्षण झाल्यावर त्याच कारखान्यात मला टेस्टिंगचं काम मिळालं. पहिल्या दिवशी मामाने मला सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणून हाक मारली आणि मी त्याच्याशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले नाही.

भट्टीचं काम असं असतं. तार गुंडाळून स्प्रिंग केली की तिच्या अंगात एक ताण उरतो. तो जावा म्हणून तिला तापवतात. कमी तापली तर ताण तसाच राहतो, जास्त तापली तर तार मऊ पडते. दोन्हीकडून आयुष्य घटतं. भट्टीला मीटर आहे, पण मीटर सांगणार एका जागेचं, आणि आमच्या जुन्या भट्टीचे चार कोपरे म्हणजे चार स्वभावाची चार माणसं. म्हणून मामा ट्रेमधली एखाददुसरी स्प्रिंग चिमट्याने उचलतो, खिडकीच्या उजेडात धरतो आणि रंग बघतो. तापत्या पोलादावर आधी फिकट पिवळा चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुठल्या तारेला कुठे थांबायचं ते मामाला ठाऊक असतं. मालकाच्या वडिलांच्या काळापासून हे असंच चालत आलं होतं, आणि कुणाला त्यात बदल करावासा वाटला नव्हता.

मग श्वासाच्या मशीनचं काम आलं. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही त्याला हवा देणारं मशीन, आणि त्याच्या झडपेतली स्प्रिंग आमची. रोग्याच्या प्रत्येक श्वासाला ती एकदा दाबली जाणार, म्हणजे वर्षाला कोटीभर वेळा. पाच वर्षं टिकली पाहिजे अशी अट. मी गणित मांडलं, चांगली ऐसपैस मोकळीक ठेवली आणि सांगितलं की पाचच काय, त्याहून पुष्कळ जास्त चालेल. आम्ही मशीनच्या कंपनीला सँपल पाठवले. तिकडच्या टेस्टिंग मशीनवर पाच वर्षांचे श्वास तीनेक आठवड्यांत उरकतात. आमच्या स्प्रिंगा दुसऱ्या दिवशीच तुटायला लागल्या. आम्ही आमच्या मशीनवर लावून पाहिल्या, इथेही तेच.

कंपनीने तुटलेले तुकडे परत पाठवले आणि कारण विचारलं. मालक, मी आणि मामा ऑफिसात बसलो. मालक मामापेक्षा वयाने बराच लहान, मामाच्या हाताखाली काम शिकलेला, त्यामुळे त्याला हे प्रकरण जिवावर आलं होतं. तो म्हणाला, "तार ठीक आहे. त्याच बंडलातल्या तारेच्या, दुसऱ्या कामाच्या स्प्रिंगा व्यवस्थित चालल्यात. मग उरलं काय?"

उरलं होतं माझं गणित आणि मामाची भट्टी. दोघांपैकी एक चुकलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन महिन्यांपूर्वी मामाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तो तयार नव्हता. मी मागे लागले, रुसले, शेवटी हाताला धरून घेऊन गेले. ऑपरेशननंतर रंग जरा वेगळे दिसतात, निळा जास्त उठून दिसतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणजे तार अजून तपकिरी असताना मामाला ती जांभळी वाटली असेल आणि त्याने ती लवकर बाहेर काढली असेल, असं कुणीही म्हणू शकलं असतं. कडकपणा तपासून आणला तर तो बरोबर निघाला, पण दोन तुकड्यांवरून सगळ्या ट्रेचं काय सांगणार? मालक काही म्हणाला नाही. मी तर नाहीच म्हणाले. मामाने ते स्वतःच म्हटलं, आणि तेही मला बाहेर पाठवून. मालकाने नंतर मला सांगितलं.

"पोरीचं गणित चुकायचं नाही," मामा म्हणाला. "ती लहानपणापासून उत्तर दोनदा ताडून बघते. चूक माझ्या डोळ्यांची आहे. मला भट्टीवरून काढा. पॅकिंगला बसतो."

दुसऱ्या दिवशी तो पॅकिंगच्या टेबलाशी बसला, पुठ्ठ्याच्या खोक्यांत स्प्रिंगा मोजून भरत. भट्टीवर दुसरा माणूस आला, मीटर बघून काम करणारा. मी माझ्या टेबलाशी बसून गणित पुन्हा तपासलं. बरोबर आलं. दुसऱ्या पद्धतीने केलं. तरी बरोबर. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं उत्तर चुकलेलं हवं होतं आणि ते मेलं काही केल्या चुकेना.

त्याच संध्याकाळी मी मालकाकडे गेले आणि म्हणाले, "माझंच चुकलंय. मामाला भट्टीवर घ्या."

"कुठे चुकलंय, दाखव."

मी कागद त्याच्यापुढे ठेवले.

"एक आकडा दाखव," तो म्हणाला, "एक जरी दाखवलास तरी उद्या सकाळी मामा भट्टीवर."

मला काही दाखवता आलं नाही. त्याने कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "तुम्ही मामा-भाची मिळून मला वेड लावणार आहात. एक म्हणतो माझे डोळे चुकले, दुसरी म्हणते माझं गणित चुकलं. मला कुणीतरी बरोबर असलेला माणूस हवाय. जा घरी." तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, आमच्यापैकी एकावर जरी त्याने विश्वास ठेवला असता तर खऱ्या कारणाचा शोध तिथेच संपला असता. त्याने मामाला पॅकिंगला बसू दिलं, पण चूक दोघांपैकी कुणाचीच मानली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

घरी वेगळंच चाललं होतं. ज्या माणसाने जन्मभर मामीला "अजून जरा होऊ दे, रंग आला नाही" असं सांगून तिचा जीव खाल्ला, तोच आता कढईत डोकावून विचारायला लागला, "बघ गं, करपतंय का?" सकाळी शर्ट हातात घेऊन म्हणायचा, "हा काळाच ना?" रस्ता ओलांडताना सिग्नल हिरवा झाला तरी तो बाकीची माणसं चालायला लागायची वाट बघायचा. डॉक्टरांनी पुन्हा तपासून डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. मामाने मान हलवली आणि घरी आल्यावर मामीला विचारलं की पडदे पूर्वीपासून असेच होते का.

मामी एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "तुझं ते गणित इतकं बरोबर कशाला काढायचं असतं गं?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मामीने फडकं माझ्या हातात दिलं, भांडी मला पुसायला लावली आणि स्वतः शेजारी बसून राहिली. तिची समजूत घालायची पद्धत ही अशीच आहे.

आता माझ्यापुढे एकच वाट उरली होती, आणि तीच मला नको होती. सँपलची कुठली स्प्रिंग ट्रेमध्ये कुठे होती याची नोंद आमच्याकडे असते. तुटलेले तुकडे त्या नोंदीशी लावून बघायचे: एखाद्याच कोपऱ्यातल्या आधी तुटल्या असतील तर भट्टीचा दोष पक्का. म्हणजे मामाचा. मी दोन दिवस चालढकल केली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तुकड्यांची डबी घेऊन बसले.

ही नोंद ठेवतात टापटीपकाकू. नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. पूर्वी सँपलला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधायचे. ती तेलात पडून विरघळायची आणि कुठली कुठली ते कळायचं नाही. मागे एका कामात त्यावरून घोळ झाला, तेव्हा काकूंनी मालकाच्या मागे लागून धातूवर ठिणगीने लिहायची विजेची पेन्सिल आणवली आणि सँपलच्या प्रत्येक स्प्रिंगवर नंबर घालायला सुरुवात केली. तारेच्या एवढ्याशा गोलाईवर मोत्यासारखे आकडे. श्वासाच्या मशीनच्या स्प्रिंगा हे त्या पेन्सिलीचं पहिलंच मोठं काम.

मी तुकडे मांडले आणि माझं डोकं फिरलं. एकाचाही नंबर धड वाचता येईना. कुठे आकड्याचं डोकं, कुठे नुसता पाय. आधीच मन चिडलेलं, त्यात हे. मी डबी उचलून तरातरा काकूंच्या टेबलाशी गेले.

"काकू, तुमचे नंबर वाचता येत नाहीत."

एवढ्या नोकरीत असं त्यांना कुणी बोललं नसावं. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, डबीतले दोन तुकडे निवडले आणि एकमेकांना जोडून माझ्यापुढे धरले. "हे बघ. त्रेचाळीस. लख्ख वाचता येतोय. आता मोडलीच आहे बरोबर नंबरावर, त्याला मी काय करू?"

त्यांनी पुढचे दोन तुकडे जोडले. "हा एकोणीस. हीसुद्धा नंबरावरच." मग पुढचे दोन. मग त्यांचा हात मंदावला.

आम्ही दोघींनी मिळून डबीतले सगळे तुकडे जोडले. एकही स्प्रिंग अशी नव्हती जी नंबर सोडून दुसरीकडे तुटली होती. मी भिंग आणलं. विजेची पेन्सिल लिहिते म्हणजे धातूला क्षणभर वितळवते. आकड्याच्या प्रत्येक रेघेत जळके, खडबडीत खळगे होते. आणि तुटलेल्या तोंडावर चीर कुठून सुरू झाली ते स्पष्ट दिसत होतं, शांत पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उमटतात तशी वलयं होती, आणि ती सगळी एका खळग्यापासून निघाली होती. माझ्या गणितात तारेचं अंग गुळगुळीत धरलेलं होतं. मामाच्या भट्टीतून ते गुळगुळीतच बाहेर आलं होतं. आम्ही दोघेही बरोबर होतो. मधल्या टेबलावर कुणीतरी फार काळजीने, फार सुंदर अक्षरात त्याला जखम केली होती.

"म्हणजे माझ्या अक्षराने तुटल्या," काकू म्हणाल्या.

मी भिंग त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मला वाईटही वाटत होतं आणि आनंदही झाला होता, दोन्ही एकदम. कसं सांगायचं, कुणी सांगायचं, याचा मी विचार करते आहे तोवर त्या उठल्या, पेन्सिल वायरसकट गुंडाळून हातात घेतली आणि थेट मालकाच्या ऑफिसात गेल्या. दार उघडंच होतं. "माझ्यामुळे झालंय," एवढं मला बाहेर ऐकू आलं. त्यांना गप्प बसता आलं असतं. मी आरडाओरडा करणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यामुळेच आम्हाला खरं कारण कळलं आणि त्यांनीच ते जाऊन सांगितलं, आणि त्यानंतर मी त्यांच्या उंचीप्रमाणे लावलेल्या पेन्सिलींची चेष्टा करणं सोडून दिलं.

तरी खात्री करायलाच हवी होती. त्याच ट्रेमधल्या, मामानेच भट्टीतून काढलेल्या, नंबर न घातलेल्या स्प्रिंगा घेतल्या, प्रत्येकीला वेगळ्या पिशवीत ठेवून नोंद पिशवीवर केली आणि मशीनवर चढवल्या. शेजारी काही नंबर घातलेल्या लावल्या. नंबरवाल्या दुसऱ्या दिवशी तुटल्या. बिननंबरच्या चालत राहिल्या. कंपनीला कारण कळवलं, त्यांनी मुदत वाढवून दिली. पाच वर्षांचे श्वास पुरे झाले तेव्हाही त्या स्प्रिंगा काल गुंडाळल्यासारख्या उड्या मारत होत्या. विकायच्या मालावर तर नंबर घालतच नाहीत, म्हणजे सगळा माल पहिल्यापासून उत्तमच होता. जिवावर बेतलं होतं ते फक्त आम्ही जपून नंबर घातलेल्यांच्या.

मालक स्वतः पॅकिंगच्या टेबलाशी आला. काकू तिथेच होत्या, मीही होते. मामाने सगळं ऐकून घेतलं. आधी तो काकूंकडे वळला आणि म्हणाला, "तुमचे नंबर होते म्हणून तर तुकडे जोडून बघितले. नाहीतर अजून डोकं खाजवत बसलो असतो." काकूंनी मान खाली घातली, पण त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मग उद्यापासून भट्टीवर," मालक म्हणाला.

मामाने खोक्याची झाकणं मिटली. "नको."

"आता काय नको? सगळं सिद्ध झालं ना?"

"त्या ट्रेचं झालं," मामा म्हणाला. "तेव्हा बरोबर निघालं. उद्या निघेल कशावरून? एकदा मनात आलं की माझे डोळे मला फसवतायत, ते काही जात नाही. परवा पिवळा टॉवेल दोनदा उजेडात नेऊन बघितला. अशा माणसाने दुसऱ्याच्या श्वासाची स्प्रिंग बघू नये. नव्या माणसालाच राहू दे."

मशीनवर पाच वर्षांचे श्वास चालवून आम्ही तारेची खात्री करून घेतली होती, आणि मामाच्या मनातल्या शंकेला त्याचा धक्कासुद्धा लागला नव्हता. मालकाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्याने स्टूल ओढलं आणि मामासमोर बसला.

"एक सांगू का? ही माझ्याकडे आली होती. म्हणाली, माझं गणित चुकलं, मामाला भट्टीवर घ्या."

मामाने हात थांबवले. "कधी?"

"तुम्ही इथे बसायला आलात त्याच संध्याकाळी."

"म्हणजे नंबराचं कळलं त्याच्या आधी?"

"खूप आधी."

मामा माझ्याकडे वळला. लहानपणी प्रगतिपुस्तक हातात घेऊन वळायचा तसा. "गणित तपासलं नव्हतंस का?"

"तपासलं होतं."

"किती वेळा?"

"पुष्कळदा. दोन पद्धतींनी."

"मग? चुकलं होतं?"

"नाही."

"बरोबर आहे हे कळल्यावरही चुकलं म्हणून सांगायला गेलीस?"

"मग काय करणार होते, मामा?" मी म्हणाले. माझा आवाज मला नको तेवढा चढला. "गणित मी कॉलेजात शिकले. तुला रंग बघताना मी त्याच्या कितीतरी आधीपासून बघतेय. दोघांपैकी एक चुकलंय म्हणे. तुझे डोळे चुकतील हे माझ्या मनातच येईना. मग उरलं कोण?"

काकूंनी उगाच एक खोकं उचलून दुसरीकडे ठेवलं.

"मी सांगितलं तुझं गणित चुकायचं नाही," मामा शेवटी म्हणाला, "आणि तू सांगितलंस माझे डोळे चुकायचे नाहीत."

"हो."

"आणि तुझं गणित बरोबर निघालं."

"हो."

"म्हणजे मी तुझ्याबद्दल बोललो ते खरं होतं." तो थांबला. "मग तू माझ्याबद्दल बोललीस ते मी खोटं कसं म्हणू?"

त्याने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. लहानपणी मी पडले की माझे गुडघे झटकायचा तशी स्वतःच्या पँटवरची पुठ्ठ्याची धूळ झटकली. मला त्याला सांगायचं होतं की तू मला घरी आणलंस, वाढवलंस, त्याचं मी कधी काही बोलले नाही, पण मला ते रोज आठवतं. मी एवढंच म्हणू शकले, "मामा, मी फार नशीबवान आहे रे."

"ते मामीला सांग, खूश होईल," तो म्हणाला. मग मालकाकडे वळून त्याने विचारलं, "भट्टी तापलेली आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता तो तिकडे चालायला लागला.